ग्यानोबाचं शहाणं लेकरू

आकांक्षाचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. आमच्या गल्लीत त्या वेळी उठायचं काही कारण नाही. नळाला पाणी उजाडल्यावर येतं, दूध त्यानंतर, आणि पुरुष माणसं चहाचा वास आल्याशिवाय डोळा उघडत नाहीत. मी एकदा तिला विचारलं, "काहून गं एवढ्या पहाटं उठतीस?" ती म्हणाली, "तुमी सगळे निजलेले असता म्हणून." चिडून नाही म्हणाली. विचारलं, म्हणून सांगितलं.

त्या वेळी तिच्याशिवाय फक्त तिचा धाकटा भाऊ जागा असायचा. रविंद्र. तो दारात बसून डब्याचं झाकण फरशीवर फिरवायचा आणि ते पडायला आलं की पुन्हा फिरवायचा. ती झाडून घ्यायची, पाणी तापवायची, भाकरी थापायची. दोघं एकमेकांशी बोलत नसत. रविंद्र कुणाशीच बोलत नाही. बावीस वर्षांचा झाला तरी त्याचे शब्द हाताच्या बोटांवर मोजता येतात. मी शेजारीच राहते म्हणून सांगते, त्या घरात दिवसभरात सगळ्यात जास्त काम व्हायचं ते त्याच वेळेत.

मी आमच्या सेनगावजवळच्या गोरेगावात गुलाबचंद शेठच्या हळदीच्या शेडवर बायकांची मुकादम होते. गुडघे गेले तेव्हा सोडलं. आकांक्षा बारावी झाल्यावर, म्हणजे बारावी न झाल्यावर, माझ्या हाताखाली आली. तिचं कौतुक करायला मी बसलेली नाही. ती संथ होती. हळद निवडायची म्हणजे लांब कांडी वेगळी, गोल गट्टू वेगळा, माती-मुळ्या बाजूला. बाकीच्या बायका एका मुळीसाठी हात थांबवत नसत. ही केसाएवढी मुळी दिसली तरी नखाने काढायची आणि मग कांडी ढिगावर ठेवायची. टाकायची नाही, ठेवायची.

मी म्हणायचे, "अगं, ही दळायला जानार हाये. पुजायला न्हाई."

"मग मुळी बी दळल्या जाईल ना," ती म्हणायची, आणि पुन्हा तसंच.

तिचं पोतं सगळ्यांच्या शेवटी भरायचं. रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, सगळ्यांना सारखा, म्हणून बायका कुरकुर करायच्या. हे तिच्या कानावर गेलं तेव्हापासून ती चहाला उठेना. बायका चहा पिऊन, सासूला शिव्या घालून, पाय मोकळे करून परत यायच्या तोवर हिने बरोबरी गाठलेली असायची. कष्टात तिच्या मला कधी खोट काढता आली नाही. वेगात काढली, आणि तोंडावर काढली.

तिची बसायची जागा ठरलेली. मागच्या कोपऱ्यात, हळद पॉलिश करायच्या ढोलापासून लांब. ढोल फिरायला लागला की ती कानात कापूस घालायची. त्या जागेवर दुसरी कुणी बसली तर ही भांडायची नाही, नुसती समोर उभी राहायची. एकदा एक नवी बाई हट्टाने जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिथेच बसून राहिली, आणि ही तोवर उभी. उभ्याने हळद निवडल्या जात नाही. मी तिचा अर्धा रोज कापला. ती म्हणाली, "बराबर आहे."

गाव रविंद्रला येडा म्हणायचं आणि हिला शिष्ट. एका घरात दोन लेकरं, एक येडं ठरलं म्हणून दुसरं आपोआप शहाणं ठरलं. शहाण्याने असं वागायचं म्हणजे माजच असणार.

रविंद्रसाठी गावाने फार मेहनत घेतली. म्हणजे सल्ले दिले. कुणी म्हणालं दर्ग्याला न्या, कुणी म्हणालं गाढविणीचं दूध पाजा, एकाने तर जिभेखालची शीर कापायला सांगितली. सांगणाऱ्यांपैकी एकानेही त्याला घडीभर आपल्या ओट्यावर बसवून घेतलं नाही. शेवटी नांदेडच्या एका डॉक्टरने सांगितलं की याला ऑटिझम म्हणतात, जन्मापासूनचं आहे, गोळी-औषध नाही, हळूहळू शिकवलं तर शिकेल. औषध नाही म्हटल्यावर ग्यानोबाचा डॉक्टरवरचा भरवसा उडाला.

ग्यानोबा म्हणजे या दोघांचा बाप. त्याचं मत ठाम होतं. हे सगळं बायकोच्या, रुक्माबाईच्या माहेरचं. तिचा एक चुलता म्हणे झाडांशी बोलायचा. ग्यानोबाने तो चुलता कधी पाहिला नव्हता. तो लग्नाआधीच वारला होता. पण ग्यानोबाने त्याला आमच्या गल्लीत मरू दिलं नाही. पिठल्यात मीठ जास्त पडलं तरी चुलता निघायचा. रुक्माबाई ऐकून घ्यायची.

आता ग्यानोबाचं सांगते. तो गोरेगाव ते सेनगाव जीप चालवतो. त्याच्या जीपमध्ये माणूस आपल्या मनाने बसत नाही, ग्यानोबा बसवतो. म्हातारे पुढे, बाया मधे, पोरं मागे, पोती टपावर डाव्या अंगाला. वाटेत मधला कुणी उतरला की सगळ्यांनी उतरायचं आणि पुन्हा ठरल्या क्रमाने चढायचं. कुणी हसत जागा बदलली तर गाडी सुरू होत नाही. दुसऱ्या जीपा दोन खेपा करून येतात तेव्हा याची एक होते. याला तो शिस्त म्हणतो, आणि गावही शिस्तच म्हणतं. पोरीचं असलं की माज, पुरुषाचं असलं की शिस्त.

वसमतहून आकांक्षाला स्थळ आलं. मुलगा बालाजी, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. ग्यानोबाने पहिलं ठरवलं ते हे, की रविंद्र पाहुण्यांना दिसता कामा नये. आमच्याकडे असं लेकरू घरात असलं की पाहुण्यांच्या दिवशी त्याला दुसरीकडे ठेवतात. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. शेजारीपाजारी फक्त एवढंच विचारतात, "यंदा कुठं ठेवायलात?" ग्यानोबाच्या मित्राचं, हिरासिंगचं, गावाबाहेर शेत आहे. तिथल्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या खोपटात, गुरांच्या गोठ्याशेजारी, रविंद्रला सकाळीच जीपने नेऊन बसवलं. गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवलं की कुणी विचारलं तर पोरगं पुण्याला कंपनीत आहे म्हणायचं. लहानथोरांनी ते पाठ केलं. आमच्या गल्लीने एवढी एकी नाली काढताना कधी दाखवली नाही.

आकांक्षालाही बापाने पढवलं. "मान खाली ठेवायची. आपल्या मनानं कायी बोलायचं न्हाई. विचारलं तेवढंच सांगायचं. कळलं?"

"व्हय," ती म्हणाली.

पाहुणे आले. मुलगा, त्याची आई शालूबाई, आणि मामा रामकिशन. हा मामा सोयरिकी जमवतो. सोयरीक जमवणे म्हणजे लोकांच्या घरी जाऊन पोहे खाणे, आणि त्या कामात तो कसूर करत नाही. पोहे मी केले होते. त्याने दुसरी बशी घेतली आणि म्हणाला, "पोरीच्या हाताला चव हाये."

मग विचारपूस सुरू झाली.

"शिक्षण कुठवर, बाई?"

"बारावी नापास."

"एका विषयात राहिली," ग्यानोबा मधेच म्हणाला.

"तीन," आकांक्षा म्हणाली.

मामा हसला. "असू द्या. सैपाक समदा येतो?"

"समदा न्हाई. भाकरी, वरण, पिठलं, वांग्याची भाजी. पोहे मावशीनं केलेत."

मी माजघरातून पदर तोंडाला लावला. मामाची बशी हातातच राहिली. पण माणूस मुरलेला. त्याने बोलणं वळवलं.

"भाऊ काय काम करतो गं तुजा? पुन्याला हाये म्हने."

"न्हाई. रविंद्र हिरासिंगकाकाच्या आखाड्यावर हाये. सकाळी ठेवलाय. तुमी गेले की आणायचा."

ग्यानोबा खोकला. इतका खोकला की त्याला पाणी द्यावं लागलं. आकांक्षाने मान खालीच ठेवली होती. सांगितल्याबरहुकूम.

"काहून ठेवला?" मामाने विचारलं.

"तो बोलत न्हाई. तुमाला दिसू न्हाई म्हणून."

"बिमार हाये का?"

"न्हाई. जन्मल्यापासून तसाच हाये. ऑटिझम म्हनतात."

"आन् तुला काय म्हनतात?"

मामाने हे टोचून विचारलं होतं. आकांक्षाला टोचलेलं कळत नाही. तिने विचार केला. चांगला वेळ घेऊन केला. पाहुण्यांनी एवढा विचार करून उत्तर देणारी पोरगी आधी पाहिली नसावी, सगळे थांबून राहिले.

"नाव काय ते ठाव न्हाई," ती म्हणाली. "पण थोडं मला बी असंल. मला गोंगाट सोसत न्हाई. लग्नात डीजे लावला तर मी रानात निघून जाईन. आधीच सांगून ठेवते."

शालूबाईने इतका वेळ तोंड उघडलं नव्हतं. आता उघडलं. "सोताच्या लग्नात?"

"डीजे सगळ्याच लग्नात सारखा वाजतो," आकांक्षा म्हणाली.

बालाजीला हसू आलं. वाईट हसू नव्हतं ते, पोरगा खुशीने हसला. आईने त्याच्याकडे पाहिलं, तसं त्याने हसू गिळलं आणि फोन काढला. दुकान चालवणारा माणूस, पण हसायचं की नाही ते आईला विचारून.

मामा उठला. जाता जाता दारात म्हणाला, "ग्यानोबा, तुमी लपवायला चुकलात. पोराला घरी ठिवायचं आन् पोरीला आखाड्यावर न्यायचं व्हतं."

त्या दिवशी मामाने केलेलं काम एवढंच, एक वाक्य. पण ते टिकाऊ निघालं. आठवड्याच्या आत सेनगावपर्यंत पोचलं. जीपमध्ये बसलेली माणसं ते ग्यानोबासमोर एकमेकांना सांगू लागली.

इकडे हिरासिंगच्या आखाड्यावर रविंद्र दिवसभर उपाशी राहिला होता. हिरासिंगच्या बायकोने भाकरी दिली, दूध दिलं, गूळ दिला, बिस्किटं मागवली. त्याने कशाला हात लावला नाही. तो आकांक्षाने थापलेलीच भाकरी खातो, पातळ, काठाला न करपलेली. संध्याकाळी घरी आल्यावर त्याने चार खाल्ल्या.

ग्यानोबाने या सगळ्यातून जो धडा घ्यायचा तो घेतला नाही, दुसराच घेतला. त्याच्या मते पोरीचं काही बिघडलेलं नव्हतं. तिच्या पायात भावाचा दगड बांधला होता, एवढंच. दूर कुठे एक संस्था अशा मुलांना ठेवून घेते असं त्याला कळलं. डॉक्टरचा कागद लागतो म्हणाले.

"तो परत कवा येईल?" आकांक्षाने विचारलं.

"येनार न्हाई. तिथंच राहील."

"तिथं तो जेवनार न्हाई."

"भूक लागली की जेवंल."

"हिरासिंगकाकाकडं भूक लागली व्हती. जेवला न्हाई."

ग्यानोबा जीपच्या काचा पुसायला गेला. आधी डावी, मग उजवी, मग समोरची. त्याचं ते ठरलेलं.

नांदेडला सगळे गेले. रुक्माबाईने मला सोबत घेतलं, दवाखान्यात तिची दातखीळ बसते म्हणून. डॉक्टर बाई होती, घाई न करणारी. तिने रविंद्रला पाहिलं, मग विचारलं की घरात आणखी कुणी असं आहे का.

"हिच्या माहेरी," ग्यानोबा लगेच म्हणाला. "एक चुलता व्हता."

"आणि तुमच्याकडे?"

"आमच्याकडं समदे बराबर."

मग डॉक्टरीण आकांक्षाशी बोलली. जागा बदलली तर त्रास होतो का, ठरलेलं मोडलं तर कसं वाटतं, गर्दीत काय होतं. आकांक्षा एकेक सांगत होती. ग्यानोबाला हे बघवेना. आपली पोरगी आपल्या देखत बिमार ठरते आहे असं त्याला वाटलं, आणि तो तिची बाजू घ्यायला पुढे सरकला. बापाने आयुष्यात पहिल्यांदा तिची बाजू घेतली ती अशी.

"म्याडम, ह्यात काय बिमारी हाये? गाडीतून मधला मानूस उतरला की मी बी समद्यायला खाली उतरवतो. क्रम बिघडतो ना. न्हाई उतरवलं तर मला सेनगाव येईस्तोवर घाम सुटतो."

डॉक्टरणीने पेन खाली ठेवलं. "सगळ्यांना उतरवता?"

"मंग?"

"लग्नाला जाता तेव्हा मंडपात बसता?"

"मंडपात कोन बसंल? बोंबाबोंब असते. मी गाडीत बसतो. जेवन तिथंच मागवतो."

"जेवणात काय आवडतं?"

"रोज पिठलं. दुसरं कायी केलं तर ही रडते, मी खात न्हाई म्हणून."

रुक्माबाई नवऱ्याकडे बघत होती. तिचे पुढचे दात किती शाबूत आहेत ते मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

डॉक्टरणीने मग नीट समजावलं. घरात एखादं लेकरू असं असलं की कधी कधी त्याच्या भावाबहिणीत, आईबापात त्यातलं थोडं थोडं दिसतं. सगळ्यांत दिसतंच असं नाही. हा आजार नाही, कुणाचा दोष नाही, आणि एकट्या माहेरचं तर नाहीच. संस्थेसाठी कागद हवा तर देते, म्हणाली, पण त्याला पाठवायचं कशाला?

"पोरीचं लगन जमत न्हाई," ग्यानोबा म्हणाला.

"पोरीला विचारलं?"

कुणी विचारलं नव्हतं. ग्यानोबाने कागद घेतला.

परतीच्या वाटेवर औंढा गाव लागलं. मग रुक्माबाई मागून म्हणाली, "अवो, आता त्या चुलत्याला उतरवा. लई वर्षं बसलाय गाडीत."

माणसाला स्वतःबद्दल खरं कळलं की तो सुधारतो, असं ऐकून होते. ग्यानोबाला कळलं, आणि घरी उतरताना तो म्हणाला, "कागद झाला. सोमवारी नेतो त्याला."

सोमवारला मधे चार दिवस होते.

आकांक्षाची शेडवरची मजुरी आजवर सगळी रुक्माबाईकडे साठत होती. तिच्याच लग्नासाठी. तिने ती आईकडे मागितली. रुक्माबाईने डबा उतरवून तिच्या पुढ्यात ठेवला. कशाला म्हणून विचारलं नाही. नवऱ्यालाही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी ग्यानोबा पहिल्या खेपेला गेला आणि दगडोबा गवंडी घरी आला. आमच्याकडे भाऊ भाऊ वेगळे झाले की घराच्या मधोमध भिंत घालतात आणि दुसऱ्या बाजूने गल्लीकडे नवं दार फोडतात. अशा भिंती दगडोबाने पुष्कळ घातल्या आहेत. पण इथे मागणारी पोरगी होती. तो थापी हातात घेऊन उभा राहिला.

"पोरीच्या सांगन्यावरून बापाच्या घरात वाटनीची भित मी कवा घातली न्हाई," तो म्हणाला.

"मंग माझ्या सांगन्यावरून घाला," रुक्माबाई म्हणाली. "घर माझ्या नावावर हाये."

ते खरं होतं. घरकुल बाईच्या नावावर लवकर मंजूर होतं असं कुणीतरी सांगितलं, म्हणून ग्यानोबानेच तिचं नाव घातलं होतं. मग तो ते विसरून गेला. ती विसरली नव्हती.

काम सुरू झालं. आकांक्षा माल कालवत होती, रविंद्र विटा आणून देत होता. एका वेळी एकच वीट, दोन्ही हातांनी, पण मधे थांबला नाही. तंबाखू नाही, गप्पा नाही, सावली शोधणं नाही. दगडोबाने दोनदा विश्रांती घेतली, त्याने एकदाही नाही. मी ओट्यावर बसून पाहत होते आणि मला नाव ठेवायला जागा सापडली नाही. हे फार वेळा होत नाही.

ग्यानोबा आला तेव्हा भिंत कमरेपर्यंत आली होती.

"हे काय चाललंय?"

"वाटनी," आकांक्षा म्हणाली.

"कोनाची?"

"इकडं मी आन् रविंद्र. तिकडं तुमी. माय दोन्हीकडं." तिने हात पुसले. "आता तो तुमच्या घरात राहत न्हाई. पाहुणे आले तर खरंच सांगता येईल. पोरगं आमच्याजवळ नसतं म्हनायचं. त्याला कुठं न्यायचं काम न्हाई."

ग्यानोबाला रागवायचं होतं, पण हिशोबात चूक सापडेना. पोरगं आपल्या घरात दिसू नये ही त्याचीच अट होती, आणि ती तंतोतंत पुरी झाली होती.

"आन् तुजं लगन?" त्याने शेवटी विचारलं.

"कोनी आलं तर त्याला दोनी दारं दाखवीन. चाललं तर चाललं."

दगडोबाने थापी थांबवली होती. सगळी गल्ली आपापल्या दारात उभी, तोंडं उघडी. ग्यानोबाने खिशातून डॉक्टरचा कागद काढला, उघडला, वाचता येत नसल्यासारखा बराच वेळ पाहिला, आणि पुन्हा घडी घालून खिशात ठेवला. मग दगडोबाला म्हणाला, "थांबला काहून? माल वाळून राहिला." आणि दुसऱ्या खेपेला निघून गेला. सोमवारी तो सेनगावला गेला, रोजच्यासारखा, रोजची माणसं घेऊन. संस्थेचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही.

गाव म्हणतं पोरीने बापाचं घर फोडलं. फोडायला काय लागतं, दोन शब्द पुरतात, आणि रामकिशन मामासारखी माणसं ते फुकट करून देतात. हिने बांधलं. उन्हातान्हात, मुळ्या काढून काढून कमावलेली सगळी मजुरी विटांत गेली, वाळूत, सिमेंटात, दगडोबाच्या रोजात, आणि उरली त्यात गल्लीकडे उघडणारं एक लोखंडी दार आलं. कडी फक्त आतल्या बाजूने आहे.